चांदपाशाचा गप्प बसायचा हक्क

…आन् वरून वकीलबाई सांगून राहिल्या, “गप्प बसायचा हक्क हाय तुम्हाला!” हक्क! अहो, रेशनचा हक्क ऐकला, नळाच्या पाण्याचा हक्क ऐकला, पण गप्प बसायचा हक्क... हा कुणी मागितला होता? आन् दिला तरी कुणाला? चांदपाशाला! तुम्ही नांदेडचे न्हाई वाटतं, न्हाईतर इथंच पोट धरून हसला असता. अहो, चांदपाशा म्हणजे आमच्या इतवाऱ्यातला टेलर, एकोणसाठ वर्षांचा गडी, ताडासारखा उंच, आन् तोंड असं की शिलाई मशीन दमल पण ते दमायचं न्हाई! शर्टाची बाही किती ठेवू, एवढं विचारायला त्याला वीस मिनिटं लागतात, कारण मधी गिऱ्हाईकाच्या आज्याच्या लग्नातली शेरवानी येती, ती कुणी शिवली ते येतं, तिचं बटन कुठं तुटलं ते येतं... तवर गिऱ्हाईक उभ्या उभ्या वाळून जातं आन् माप पुन्हा घ्यावं लागतं! झोपेत बी बोलतो म्हणं, त्याची बायको रहमतबी सांगती. असल्या माणसाला तुम्ही म्हणता, गप्प बस! गप्प बसायचं म्हणजे काय सोपं काम हाय का, तुम्हीच सांगा!

न्हाई न्हाई, खून-बिन न्हाई केला त्यानं. व्हॉलीबॉल! व्हॉलीबॉलपायी झालं सगळं. पन्नाशीच्या पुढच्या गड्यांची आमची स्पर्धा असती दर थंडीत, लोह्याला, कारण लोहा नांदेडहून लातूरला जाताना वाटेवर हाय, म्हणजे दोघांनी बी एकमेकांच्या दारात जायचं न्हाई, मान राहतो. आन् फायनल ठरलेली, नांदेड आन् लातूर! आन् निकाल बी ठरलेला... लातूर! अकरा वर्षं, साहेब, अकरा! मी सांगतो ना तुम्हाला, मी शिवलिंग, नांदेडच्या टीमचा सातवा माणूस, म्हणजे राखीव, गेली बावीस वर्षं, आधी तरण्यांच्या टीममधी आन् आता ह्या म्हाताऱ्यांच्या, बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या आन् सहा जणांची घड्याळं सांभाळून राहिलो. माझं दुःख येगळंच हाय, ते जाऊ द्या.

तर औंदा पाचवा सेट. चौदा-तेरा. एक पॉइंट पायजे फक्त! समोर लातूरचा कॅप्टन सिद्रामप्पा, जळकोटाकडचा, साठीचा झाला पण मनगट अजून तसंच. तरणेपणापासून, पस्तीस वर्षं हे दोघं नेटच्या अल्याड-पल्याड उभे हायत. सिद्रामप्पानं उडी घेतली, मारला, आन् चांदपाशा ह्या वयात असा काही उडला... दोन्ही हात वर, थाड्! बॉल त्यांच्याच अंगणात! शिट्टी! पंधरा-तेरा! अहो, मी घड्याळं फेकली! सगळ्यांनी चांदपाशाला खांद्यावर घेतलं, मी बी घेतलं असतं पण माझा नंबर लागला न्हाई.

आन् तिथंच, त्या खांद्यावर, चांदपाशाचं तोंड पडलं. कुणाला दिसलं न्हाई. मला कसं ठाव म्हणता? अहो, त्यानंच सांगितलं नंतर, अकरा येळा सांगितलं, तारीख-वार-वाऱ्याच्या दिशेसकट! उतरताना त्याच्या डाव्या हाताची करंगळी नेटला लागली होती, आन् नेटला लागलं की पॉइंट समोरच्याचा. जराशीच. पंचाला दिसली न्हाई, लाईनमनला दिसली न्हाई, पण करंगळीला कळलं ना! टेलरची बोटं ती, अंधारात टेरिकॉट का टेरिलीन सांगणारी. आन् नेटच्या वरची ती पांढरी पट्टी फाटली म्हणून त्याच हप्त्यात आयोजकांनी आणून दिली होती कुणाला? चांदपाशालाच! स्वतःची डबल शिलाई स्वतःच्या करंगळीला लागली, साहेब. तिला कसं फसवणार?

तुम्ही म्हणाल, लागली तर लागली, पंचानं बघायचं, याचं काय जातं? आता तुम्हाला सांगायलाच पायजे. आमच्या टायमाला पंच म्हणजे कोण? ज्याच्याकडं शिट्टी तो पंच! एकदा तर पोस्टमन होता, त्याला लांबचं दिसायचंच न्हाई. मंग आमचे मडिवाळप्पा सर, देगलूरहून आलेले, पी.टी.चे मास्तर, खाकी हाफ पँट, पायात कॅनव्हासचे बूट, ते म्हणायचे, “पोरंहो, पंच आंधळा असला तरी तू हाइस ना डोळस? बॉल बोटाला लागला, नेट लागलं, तर शिट्टीची वाट बघायची न्हाई. हात वर करायचा. मपला दोष, मीच सांगितला, बास!” आन् समोरच्या टीमनं काय करायचं? दोन टाळ्या. टाप, टाप. तीन न्हाई, दोनच! काय दिवस होते हो ते... शाळेमागचं मैदान, आम्हीच शिंपडलेलं पाणी, चुन्याच्या रेषा कायम वाकड्या कारण चुना टाकणारा कोण तर मी... आन् एकदा तर तुम्हाला सांगतो, नायगावच्या म्याचमधी बॉल दोघांच्या मधून गेला आन् दोघांनी बी हात वर केले! “मपला टच!” “न्हाई रे, मपलाच!” “तू कामून खोटं बोलून राहिला, मला लागला!” धा मिनिटं भांडण! दोष आपल्याच अंगावर घ्यायला गचांड्या धरल्या एकमेकांच्या! मडिवाळप्पा सर कडंला उभे राहून डोळे पुसून राहिले, हसून का रडून ते कळलं न्हाई. आता तसं कोण भांडतं, सांगा बरं?

सर गेले तवा चांदपाशा आन् सिद्रामप्पा, दोघांनी मिळून ह्या लोह्याच्या स्पर्धेच्या नियमात एक कलम घुसडलं. कलम नऊ. दोष झाला तर खेळाडूनं स्वतः हात वर करायचा, लपवला तर कप परत आन् जन्मभराची बंदी. लिहिलं चांदपाशानं, सही सिद्रामप्पाची! आन् पस्तीस वर्षांत चांदपाशाचा हात एकदा बी खाली राहिला न्हाई.

औंदा राहिला. म्हणजे निघाला होता हो वर! खांद्यापस्तोर आला, पण तितक्यात पोरांनी, पोरं म्हणजे पंचावन्नची, उचलला त्याला, हात कुणाच्या तरी काखेत अडकला, ढोल सुरू झाला, कुणी गळ्यात हार घातला... मंग दोन मिनिटं गेली. दोन मिनिटांनी सांगायला लाज वाटती, मंग दोन तास गेले, मंग दोन दिवस, आन् जसा जसा येळ जातो तसं तोंड जड होत जातं. कप दुकानात मशीनपाशी ठेवला. येणारा-जाणारा म्हणतो, “चांदभाई, सांगा ना फायनल कशी मारली!” चांदपाशा सांगायचा, रंगवून रंगवून सांगायचा, पहिल्या सर्व्हिसपासून... आन् चौदा-तेरावर आला की थांबायचा! “चहा घेणार का?” रहमतबीनं मला इचारलं, “शिवलिंगभाई, ये आदमी चौदा-तेरा पे आकर रुकता कायकू?” मी काय सांगू? आयुष्यभर बोलणारा माणूस एका जागी अडून बसला, आन् गप्प बसायचं म्हणजे काय सोपं काम हाय का!

तेवढ्यात आली नोटीस. लातूरच्या टीमचा म्यानेजर, श्रीनाथ नावाचा, तिशीतला, टी-शर्टवर स्वतःचंच नाव छापून फिरतो, त्यानं तक्रार ठोकली: नेट टच झाला, खेळाडूनं लपवला, कलम नऊ लावा! शिस्तपालन समितीपुढं हजर व्हा! आता पोरीनं घेतली सूत्रं हातात. नाझनीन, चांदपाशाची धाकटी, नांदेडच्या कोर्टात नवीनच वकील झाली, कोट बापानंच शिवलेला. ती म्हणली, “अब्बा, एक लफ्ज नक्को बोलो. कुणालाच स्वतःच्या विरोधात बोलायला लावता येत न्हाई. शाबित करायचं काम त्यांचं. तुम्ही फकस्त नाव सांगायचं.”

“बेटा, पण...”

“पण बी नक्को!”

पोरीला काय माहीत त्या ‘पण’च्या पोटात काय होतं! आन् बाप तरी कसा सांगल? पोरगी बापासाठी रातभर पुस्तकं चाळून राहिली, तिला ठाम वाटतं की अब्बाचा हात खाली राहिला म्हणजे नेट लागलंच न्हाई. तिच्या डोळ्यात बघितलं की चांदपाशाचं तोंड आपोआप मिटायचं.

मंग सराव! घरातच! नाझनीन खुर्चीवर, बाप समोर. “नाव?” “चांदपाशा. आता कोणता चांदपाशा म्हणाल, तर इतवाऱ्यात तीन हायत, एक पंक्चरवाला, एक...” “अब्बा!” “बरं बरं. चांदपाशा.” “वय?” “आता शाळेत मास्तरनं जे लिवलं ते खरं धरायचं का अम्मी सांगायची ते...” “अब्बा!!” चार दिवस चाललं हे. शेवटी नावापुरता माणूस तयार झाला.

लोह्याच्या एका शाळेत, मास्तरांच्या खोलीत बैठक. समितीचे अध्यक्ष दत्तोपंत, रिटायर हेडमास्तर, पांढरं धोतर-बिरं न्हाई हो, साधी सफारी, ती बी चांदपाशानंच शिवलेली. एकीकडं श्रीनाथ मोबाइल घेऊन. एकीकडं सिद्रामप्पा, साक्षीला बोलावलेला, टोपी मांडीवर. मधी चांदपाशा, शेजारी नाझनीन, आन् मागं मी... बाकावर! तिथं बी बाकावर!

“नाव?”

“चांदपाशा.” संपलं! मी च्याट पडलो.

“चांदपाशा, अंतिम सामन्यात शेवटच्या गुणाच्या वेळी तुमचा नेटला स्पर्श झाला का?”

गप्प.

“साधा प्रश्न आहे, हो किंवा नाही.”

गप्प! अहो, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. नाझनीन उठली, “सर, माझे अशील गप्प राहण्याचा हक्क बजावून राहिलेत.”

श्रीनाथ उसळला, “गप्प म्हणजे कबूल! लागलं नसतं तर बोलला असता ना हा माणूस! हा तर कधी बी बोलतो!”

“गप्प बसला म्हणून गुन्हेगार धरता येत नसतं!”

दत्तोपंत चष्मा काढून म्हणले, “बाई, तुमचं कायद्यानं बरोबर असेल, पण मी अडतीस वर्षं वर्गात उभा राहिलो. खडू कुणी मारला विचारलं की जो गप्प बसायचा, त्यानंच मारलेला असायचा.” मंग नियमाचा कागद उलटा-पालटा केला. बोललंच पायजे असं त्यात न्हाई, गप्प बसू नये असं बी न्हाई. शिपाई चहा घेऊन आला. “चाचा, साखरंचा का बिनसाखरंचा?” चांदपाशानं वकिलाकडं बघितलं! आता काय म्हणावं! नाझनीन म्हणली, “साखरेचं सांगा अब्बा, चालतंय.” पण ह्यो माणूस इतका भेदरलेला की त्यावर बी गप्प. बिनसाखरंचा पिला, तोंड वाकडं करून. गप्प बसायचं म्हणजे काय सोपं काम हाय का हो!

मंग श्रीनाथचा व्हिडिओ. दिसलं काय त्यात? पुढं उभ्या राहिलेल्या बाईचा स्कार्फ, आन् त्याच्यावर चार बोटं आभाळ. दत्तोपंत म्हणले, “याच्यात तर काहीच नाही. बरं सिद्रामप्पा, तुम्ही कॅप्टन, नेटच्या पलीकडं समोरच होतात. तुम्ही पाहिलं?”

सिद्रामप्पा उठला. टोपी डोक्यावर घातली, कारण उघड्या डोक्यानं खोटं बी बोलत न्हाई आन् खरं बी बोलत न्हाई तो माणूस. “मी बघितलं न्हाई गा सर. मी बॉलकडं बघत होतो. तक्रार ह्या पोरानं केली, मला न इचारता.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“म्हणणं एकच. पस्तीस वर्षं झाली, ह्याच्या समोर उभा ऱ्हातो. ह्याच्या नखाला जरी लागलं तरी पंचाच्या आधी ह्याचा हात वर असतो. एकदा तर सदऱ्याचं टोक लागलं होतं, अंगापासून हातभर लांबचं, तरी केला वर! त्या दिवशी ह्यानं हात वर केला न्हाई. म्हणजे लागलं न्हाई. बास झालं. आमची तक्रार फाडून टाका.”

खोलीत असं झालं... कसं सांगू. नाझनीनचा चेहरा फुलला, जिंकली ना पोरगी पहिली केस! श्रीनाथनं मोबाइल खिशात घातला. दत्तोपंतांनी पेन उघडलं, “पुराव्याअभावी...” असं लिहायला बी लागले. कप राहतो, बंदी जाती, अकरा वर्षांनी आलेला कप नांदेडातच राहतो. आन् चांदपाशानं करायचं काय? काहीच न्हाई! आत्तापर्यंत केलं तेच, गप्प! अजून अर्धा मिनिट!

पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कुणी शिव्या दिल्या असत्या तर तो गप्प बसला असता. सिद्रामप्पानं भरवसा ठेवला ना! तो भरवसा बसला जाऊन त्या करंगळीवर! मी मागून बघून राहिलो, मांडीखालचा डावा हात सुटला. आधी कंबरेपस्तोर. मंग खांद्यापस्तोर, जिथं त्या दिवशी अडकला होता तिथं जरासा थांबला... आन् गेला वर! सरळ! ताठ!

तोंड मिटलेलं. एक शब्द न्हाई.

दत्तोपंत चष्म्यावरून बघून, सवयीनं म्हणले, “काय रे, बाहेर जायचंय?”

चांदपाशानं नकाराची मान हलवली. हात वरच.

नाझनीनला आधी कळलंच न्हाई. मंग कळलं, आन् पोरगी पांढरीफटक. “सर, हे... हे पाणी मागून राहिलेत!” मी बाटली घेऊन उठलो बी, बावीस वर्षांची सवय! चांदपाशानं बाटलीकडं बघितलं बी न्हाई. तो बघत होता सिद्रामप्पाकडं, आन् डोळ्यांतून धारा लागलेल्या, हात पुसायला खाली आणायचा तर तो बी आणंना.

सिद्रामप्पा बघतच राहिला. मला वाटलं आता हा थुंकतो, न्हाईतर शिवी देतो. त्यानं दोन टाळ्या वाजवल्या. टाप, टाप. अहो, मडिवाळप्पा सर गेल्यापासून ती टाळी मी ऐकली नव्हती हो! मी बाटलीचं बूच उघडून स्वतःच पाणी पिलो, काय करू!

“पण इतका उशीर का गा, चांदपाशा?” सिद्रामप्पा म्हणला. “नऊ दिवस? मी म्हातारा झालो वाट बघू बघू.” म्हणजे ह्याला ठाव होतं की काय, देव जाणे!

नाझनीन बापाच्या कानापाशी, रडकुंडीला येऊन, “अब्बा, गप्प बसायचं ठरलं होतं ना आपलं!”

आन् चांदपाशा म्हणला, “मैं कुच बोला क्या?”

न्हाई ना! खरंच न्हाई बोलला! दत्तोपंतांची पंचाईत, लिहायचं काय? अर्धा तास खल झाला. शेवटी लिहिलं: खेळाडू शेवटपर्यंत गप्प राहिला, त्याचा तो हक्क मान्य, हात वर केला, तोही मान्य. कप लातूरला. दोष स्वतःच सांगितला म्हणून जन्मभराची बंदी न्हाई, एक वर्षाची. नाझनीन जीपमधी बसल्यावर बापाच्या दंडाला धरून म्हणली, “पहली केस हारी मैं, अब्बा,” आन् हसली, आन् मंग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. आन् चांदपाशा? सुटला! लोह्यापासून नांदेडपस्तोर, नऊ दिवसांचं तुंबलेलं, चौदा-तेराच्या पुढचं सगळं, करंगळी, पट्टी, शिलाई, धाग्याचा नंबर, मडिवाळप्पा सरांच्या बुटाची नाडी... ड्रायव्हरनं दोनदा गाडी थांबवून कानात पाणी घातलं! मला एवढं बरं वाटलं, तुम्हाला सांगतो, एवढं बरं वाटलं की मी झोपलो.

आता तुम्हाला वाटल, मिटलं. कुठलं मिटतंय! परवा पत्र आलं, लातूरहून, खाली दोन्ही टीमच्या सह्या. नांदेडच्या यादीत माझी बी सही हाय, न वाचता केलेली! बंदी खेळायला हाय, म्हणून पुढच्या थंडीत फायनलला चांदपाशानं लाईनमन म्हणून बसावं, कारण ह्या माणसाच्या हातावर दोन्ही टीमचा भरवसा हाय. सिद्रामप्पानं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. रहमतबीनं पत्र डोळ्याला लावलं, नाझनीननं मिठाई आणली, गल्लीत वाटली. चांदपाशाची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटन गेलं, आन् बोलायला लागला की पहिला लाईनमन त्यानं कुठं बघितला...

तितक्यात नाझनीननं पत्र उलटून पाठीमागचे नियम वाचले. लाईनमननं फकस्त झेंडी दाखवायची. म्याच संपेपर्यंत खेळाडूशी, पंचाशी, प्रेक्षकाशी एक शब्द बोलायचा न्हाई.

चांदपाशा थांबला. बोटांवर सेट मोजले, पाच. मंग खुर्चीत बसला, पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आन् म्हणला, “शिवलिंग, ती जन्मभराची बंदीच बरी होती रे.”